वेदी आणि बंदर : चार्ल्स प्लोमर हॉपकिन्स यांचे सेवाकार्य

धर्मगुरूने वेदीजवळ राहावे, की चव्हाट्यावरील तंट्यातही उतरावे, हा प्रश्न आपल्या मंडळीत पुनःपुन्हा विचारला जातो. केवळ तत्त्वचर्चेपेक्षा एका चरित्राच्या आधारे त्याचा विचार करणे आम्हास अधिक उपयुक्त वाटते.

चार्ल्स प्लोमर हॉपकिन्स (1861-1922) हे अँग्लिकन धर्मगुरू. 1884 साली रंगून येथे त्यांनी नाविकांच्या सेवेसाठी बंधुसंघाचा आरंभ केला. संत पौलाच्या नावाने ओळखला जाणारा हा संघ पुढे कलकत्त्यास कार्य करू लागला.

त्या काळी बंदरावर उतरलेल्या नाविकाची स्थिती कशी होती? जहाजावरून सुटका झाली की तो दलालाच्या खाणावळीत जाई. तेथे त्यास उधारीवर अन्न, बिछाना आणि विशेषतः दारू मिळे. कर्ज वाढले की दलाल त्यास दुसऱ्या जहाजावर भरती करी आणि आगाऊ वेतनाची चिठ्ठी आपल्या खिशात घाली. अशा रीतीने नाविक समुद्रावर निघण्यापूर्वीच कित्येक आठवड्यांची कमाई गमावून बसे. शिवाय करार मोडून जहाज सोडल्यास तुरुंगाची भीती होती. दाखल्यातील शोमरोनी मनुष्याने जखमी प्रवाशास खाणावळीत पोहोचविले. येथे तर खाणावळच लुटारूंच्या हाती होती!

अशा माणसास केवळ मद्यपाननिषेधाचे प्रवचन देऊन भागणार नव्हते. हॉपकिन्स यांनी नाविकांस आसरा दिला. इतकेच नव्हे, तर न्याय मागण्याच्या कामीही ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. साहजिकच प्रतिष्ठितांची नाराजी त्यांनी ओढवून घेतली. पुढे इंग्लंडमध्ये परतल्यावर 1895 पासून हॅम्पशायरमधील ऑल्टनजवळ मठ आकारास आला व तेथे वृद्ध नाविकांना निवारा मिळाला.

परंतु निवारा म्हणजे न्याय नव्हे. म्हणून ते नाविकांच्या संघटनेत शिरले आणि 1911 च्या मोठ्या संपात पुढाऱ्यांपैकी एक झाले. वेतनवाढीबरोबरच मालकांनी संघटनेशी वाटाघाटी कराव्यात, हा त्या संपाचा गाभा होता. 1917 साली राष्ट्रीय सागरी मंडळ स्थापन होऊन मालक व नाविक एका मेजाभोवती बसू लागले.

येथे एक उणीव नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. ही संघटना चिनी नाविकांच्या विरोधात होती. गोव्याचे आचारी व खानसामे, रत्नागिरीचे खलाशी असे आपल्याकडील लस्कर वेगळ्या करारावर आणि गोऱ्या नाविकांच्या मानाने अत्यल्प वेतनावर राबत राहिले. ज्या बंदरांत हे सेवाकार्य जन्मले, तेथील सावळ्या नाविकापर्यंत त्या संपाचे फळ पोहोचले नाही. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर अर्धवटच दिले गेले.

दलाल आजही नाहीसा झालेला नाही. त्याचे फक्त रूप पालटले आहे. 2006 च्या सागरी श्रम करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. भारताने तो करार 2015 साली स्वीकारला. तरीही दागिने गहाण ठेवून दलालाचे हात ओले करणारी कुटुंबे आढळतात. आपल्या मंडळीतील एखादा तरुण प्रवासापूर्वी आशीर्वाद मागावयास आला, तर प्रार्थना अवश्य करावी. पण त्याचबरोबर त्याचे करारपत्रही वाचून पाहावे. हॉपकिन्स यांच्या जीवनातून आम्ही घेतलेला बोध हाच आहे.