उंदराच्या डोक्यात माणसाच्या पेशी

ज्या घरात आजोबांचे हात कंपवाताने थरथरतात, चहाचा पेला ओठांपर्यंत नेताना निम्मा सांडतो, त्या घरी "अमेरिकेत उंदराच्या मेंदूत मानवी पेशी रुजल्या" अशी बातमी आली की आशेला पालवी फुटते. बातमी खोटी नसते. पण तो उंदीर कसला होता, हे तीत क्वचितच सांगितलेले असते.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी 1998 साली अगदी आरंभीच्या मानवी गर्भातून मूलपेशी काढून प्रयोगशाळेत वाढविल्या. मूलपेशी म्हणजे जिच्यातून पुढे हृदयाची, त्वचेची, मेंदूची अशी कोणतीही पेशी घडू शकते ती. मग मेंदूत नष्ट झालेल्या पेशींच्या जागी अशा नव्या पेशी लावून पाहू, असे संशोधकांना वाटणे साहजिकच होते. माणसाआधी अर्थातच उंदीर.

आंब्याचे कलम आंब्यावर धरते, फणसावर सुकते. शरीराचेही तसेच आहे. रक्तातील टी पेशी नावाचे पहारेकरी परक्याला ओळखून मारतात. मेंदू मात्र याला अपवाद, असे पुष्कळ वर्षे समजले जाई. इंग्लंडमध्ये पीटर मेडावर यांनी 1948 साली एका सशाची कातडी दुसऱ्या सशाच्या मेंदूत ठेवली, तेव्हा ती टिकली. पण त्या दुसऱ्या सशाच्या अंगावर आधीच परक्या कातडीचे कलम केलेले असेल, तर मेंदूतील तुकडाही नष्ट होई. म्हणजे मेंदूला पहारा होता, फक्त थोडा सैल.

येथे तर माणूस आणि उंदीर, जातच वेगळी! साध्या उंदराच्या मेंदूत मानवी पेशी सोडल्या की थोड्याच आठवड्यांत टी पेशी आत शिरतात, मेंदूतील मायक्रोग्लिया पेशीही खवळतात आणि बहुतेक कलम नाहीसे होते. यावर सायक्लोस्पोरिन हे औषध रोज टोचतात. नॉर्वेच्या मातीतील बुरशीपासून मिळालेले हे औषध पहारेकऱ्यांना गुंगवते, पण मूत्रपिंडांना त्रास देते.

दुसरा उपाय, पहारेकरीच नसलेला उंदीर. फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस केंद्रातील मेल्विन बोस्मा व सहकाऱ्यांनी 1983 साली असे जन्मतः दुबळे उंदीर जगापुढे आणले. स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्जिऊ पाश्का यांच्या गटाने 2022 साली मानवी मेंदूपेशींचे गोळे उंदरांच्या पिलांत वाढवून दाखविले. उंदराच्या मिशा हलविल्या की त्या मानवी पेशी प्रतिसाद देत! मात्र त्या पिलांनाही टी पेशी नव्हत्या. असे उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात, निर्जंतुक अन्नपाण्यावर सांभाळतात. आपल्या उसाच्या मळ्यात त्यातला एखादा आठवडाभर तरी तगेल का, शंकाच आहे.

आजोबांना असे पिंजऱ्यात ठेवता येत नाही. गर्भातील मेंदूपेशी लावलेल्या कंपवाताच्या रुग्णांचा एक अमेरिकन प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. सायक्लोस्पोरिन सहा महिन्यांनी थांबविले होते. सहा ते नऊ महिन्यांपर्यंत दिसलेली सुधारणा पुढे ओसरली. औषध बंद केल्याचाच हा परिणाम असावा, असा संशय राहिला.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेच्या पुढाकाराने मूलपेशींपासून घडविलेल्या मेंदूपेशी 12 रुग्णांना देण्यात आल्या. त्याचा अहवाल 2025 साली आला. या वेळी प्रतिकार दाबणारी औषधे वर्षभर दिली. ती थांबविल्यानंतर, अठराव्या महिन्यात काढलेल्या मेंदूच्या चित्रांत पेशी जिवंत असल्याच्या खुणा दिसल्या.