पामतेलाचा पुडा आणि सोंगणीची मजुरी

किराणा दुकानातून पामतेलाचा पुडा आणणारी आमची भगिनी आणि दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन सोंगणारी मजूर बाई एकच असते. म्हणून मुक्त व्यापार बरा की वाईट, असे कुणी विचारले तर वाशिम जिल्ह्यातल्या आम्हा लोकांना एका शब्दात उत्तर देता येत नाही.

१९९४ साली गॅट करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षी सरकारने पामतेलाची आयात खुली केली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. पावशेर तेल शिशीत मोजून आणणाऱ्या घराला स्वस्त तेलाचा आधार झाला, हे आम्ही नाकारत नाही. सोयापेंड परदेशी जाऊ लागली, तसे आपल्याकडे सोयाबीनही वाढले.

पण मजुराच्या वाट्याला काय आले? कापसाची वेचणी दिवाळीपासून कित्येक आठवडे चाले, ज्वारीच्या कापणीत धान्य मिळे. सोयाबीनचे निंदण तणनाशकाने खाल्ले, मळणी यंत्राने. बाईच्या हाती उरली ती पंधरा दिवसांची सोंगणी, तीही एकराच्या उक्त्या भावाने. (खाउजाच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा कमरेत वाकून एकरभर सोंगून पाहावे!)

भाव पडला की पहिली कात्री त्या उक्त्यावरच लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास होते. कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास केंद्राने परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. बाजारात सोयाबीन त्याखाली विकले गेले.

शेतमालाला निदान कागदावर हमीभाव आहे. सोंगणाऱ्या हाताचे काय? बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्यातून १९४८ चा कायदा झाला. शेतमजुराचे किमान वेतन सरकार ठरवते. आमच्या किती घरांना तो आकडा ठाऊक आहे?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सारी वस्ती जमते, आणि तो संपता संपता सोंगणी लागते. यंदा वाचन आटोपल्यावर बायांनी अर्धा तास जास्त बसावे, तो आकडा फळ्यावर लिहावा आणि एकराचा भाव सगळ्यांनी मिळून ठरवूनच शेतात उतरावे.