उजव्या आसनापासून डाव्या आसनापर्यंत

2025 च्या जून महिन्यात होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि सोलापूरकरांच्या डोक्यावरून प्रवासी विमान पुन्हा जाऊ लागले. विमानात चढताना पुढच्या दालनाचे दार उघडे असेल, तर क्षणभर आत नजर जाते. तेथे शेजारी शेजारी दोन आसने असतात. दोघा वैमानिकांसमोर सारखीच यंत्रे असतात आणि दोघांच्याही हाती विमान चालवण्याची सोय असते. डावीकडे बसतो तो कप्तान, उजवीकडे बसतो तो सहवैमानिक. दोन आसनांमधील अंतर जेमतेम दोन हातांचे. मात्र उजवीकडून डावीकडे जायला माणसाला काही वर्षे लागतात.

नागरी विमानसेवेत या वाटेवरचे टप्पे कायद्याने बांधलेले आहेत. आपल्या देशात 200 तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळू शकतो. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्यासाठी किमान 1500 तास भरावे लागतात. हवाई दलाच्या मालवाहू विमानांत हाच प्रवास निराळ्या वाटेने होतो. तेथे तिकीट काढलेले प्रवासी नसतात. मागच्या भागात कधी छत्रीधारी सैनिक असतात, कधी रॉकेलची पिंपे, कधी औषधे, तर कधी हिमदंशाने जखमी झालेले जवान. उतरायची पट्टी कधी मातीची, तर कधी डोंगरांच्या कुशीत लपलेली असते. अशा विमानाची सूत्रे तरुण अधिकाऱ्याच्या हाती केव्हा द्यावीत, हा प्रश्न जगातील प्रत्येक हवाई दलापुढे असतो.

सोलापूरचा धागा

या विषयाशी सोलापूरचे नाते जुने आहे. 1882 साली सोलापुरात एका जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाजे, मोटारी आणि विमाने या तिन्ही उद्योगांत पाऊल टाकले. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने त्यांनी बंगळुरूस ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. युद्धाच्या गरजेपोटी 1942 साली ती सरकारने आपल्या ताब्यात घेतली. तीच पुढे ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ झाली. याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-2’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान तयार झाले आणि 1951 मध्ये ते प्रथम उडाले. हवाई दलाच्या अनेक वैमानिकांनी आकाशाचा श्रीगणेशा याच विमानावर गिरवला. आजही मालवाहू शाखेकडे जाणारे तरुण ज्या डॉर्निअर विमानावर बंगळुरूजवळच्या येलहंका येथे शिकतात, ते याच कंपनीच्या कानपूर येथील कारखान्यात बांधले जाते. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने घातलेल्या पायावर उभे राहून आज अनेक तरुण हा प्रवास करीत आहेत.

हुद्दा दिनदर्शिकेने, आसन परीक्षेने

पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे, त्यानंतर हैदराबादजवळील दुंडिगल येथील अकादमी आणि पुढे येलहंका, असा मार्ग पार करून अधिकारी मालवाहू विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल होतो. त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख असतात, खांद्यावर फ्लाइंग ऑफिसरचा हुद्दा असतो. तरीही त्याला बसायचे असते उजवीकडेच.

हवाई दलात हुद्दे बव्हंशी सेवाकाळानुसार मिळतात. आवश्यक परीक्षा व अहवाल समाधानकारक असतील, तर दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर आणि तेरा वर्षांनी विंग कमांडर असा क्रम ठरलेला आहे. कप्तानाचे आसन मात्र असे वर्षे मोजून मिळत नाही. कप्तान हा येथे हुद्दा नसून अधिकार आहे. विमान हवेत असताना आत कितीही वरिष्ठ अधिकारी बसलेला असो, विमानाच्या सुरक्षिततेविषयी शेवटचा शब्द कप्तानाचाच असतो. तो फ्लाइट लेफ्टनंट असला आणि मागे जनरल बसला असला, तरी हवामान वाईट आहे म्हणून परत फिरण्याचा निर्णय त्याचाच.

हा अधिकार देण्यापूर्वी हवाई दल माणसाला अनेक चाळण्यांतून काढते. वैमानिकांच्या कौशल्याची श्रेणी ठरवण्यासाठी स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे. ‘डी’पासून ‘ए’पर्यंत चढत जाणाऱ्या श्रेण्या आहेत. ढगांत आणि अंधारात केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याच्या कौशल्याचे निराळे दाखले आहेत. प्रथम पांढरा, मग हिरवा आणि सर्वांत वर ‘मास्टर ग्रीन’. या पायऱ्या चढत असताना सहवैमानिक उड्डाणापूर्वीचे सारे हिशेब शिकतो. इंधन किती घ्यायचे, वजन कोठे ठेवायचे, पट्टी किती लांब आहे, हवा किती विरळ आहे, मुक्कामी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ कोणता. रोजमेळ आणि खतावणी बिनचूक लिहिता आल्याशिवाय ज्याप्रमाणे धाकट्याला पेढीवर बसवत नाहीत, तसेच हे आहे.

यानंतर येतो तो खरा टप्पा. शिकाऊ कप्तानाला डावीकडे बसवतात आणि अनुभवी प्रशिक्षक उजवीकडे बसतो. प्रशिक्षक मुद्दाम एका इंजिनाची शक्ती काढून घेतो, उतरता उतरता पुन्हा वर जाण्यास सांगतो, रात्री मोजक्या दिव्यांच्या आधाराने विमान टेकवायला लावतो. या काळात प्रशिक्षकाचे अवघड काम एकच असते : चूक होताना दिसत असूनही, ती धोक्याच्या मर्यादेपर्यंत पोचेतोवर हात न लावणे. हात लवकर लावला, तर शिष्य शिकत नाही. उशिरा लावला, तर विमान जाते.

वर्षे किती?

याचे उत्तर तासांच्या हिशेबात दडलेले आहे. समजा, एखाद्या दलाने सहवैमानिकाला 1000 तासांचा अनुभव हवा असे ठरवले. ज्या स्क्वाड्रनमध्ये त्याला वर्षाला 400 तास मिळतात, तेथे अडीच वर्षे पुरतात. जेथे 250 तासच मिळतात, तेथे चार वर्षे लागतात. माणूस तोच, गुणही तेच. फरक पडतो तो विमाने किती तयार आहेत, कामगिऱ्या किती आहेत आणि कार्यालयीन कामात किती दिवस जातात यांमुळे. अमेरिकेच्या हवाई दलात मालवाहू विमानावर नव्याने आलेला सहवैमानिक साधारणपणे दोन-तीन वर्षांत कमांडर होतो. तेथे वैमानिकाचे प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षांच्या सेवेचे बंधन असते. म्हणजे शिक्षणावर झालेला खर्च भरून येण्याच्या मुदतीतील पाव हिस्सा उजव्या आसनावरच संपतो. म्हणूनच कोणतेही दल सहवैमानिकाला विनाकारण रेंगाळू देत नाही. शिकवणारे कप्तान कमी पडले, तर नवे कप्तानही तयार होत नाहीत आणि ही तूट वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते.

घाईची किंमत दुसऱ्या महायुद्धाने दाखवली. 1942 मध्ये वैमानिकांची टंचाई भासू लागताच ब्रिटिश हवाई दलाने जड बॉम्बफेकी विमानांतून दुसरा वैमानिक काढून टाकला. सहवैमानिक म्हणून अनुभव घेण्याची पायरीच नाहीशी झाली. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा अनुभवी कप्तानाशेजारी एखाद-दुसरी मोहीम पाहत असे आणि लगेच सात माणसांच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर पडत असे. युद्धाची निकड होती, हे खरे. परंतु जी शिकवण शांततेच्या काळात दोन-तीन वर्षांत मिळते, ती एका-दोन रात्रींत कशी मिळावी?

केवळ अनुभवाचे तास पुरेसे नाहीत, हे दुसऱ्या एका घटनेने शिकवले. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर होऊन 583 माणसे मृत्युमुखी पडली. धावू लागलेल्या विमानाचा कप्तान त्याच्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोरची पट्टी मोकळी झाली आहे की नाही, अशी शंका त्याच्या विमानातील अभियंत्याने बोलून दाखवली होती. ती ऐकून घेतली गेली नाही. त्यानंतर जगभर वैमानिकांच्या शिक्षणात नवा विषय आला : कनिष्ठाने शंका स्पष्टपणे कशी मांडावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी. आज कप्तानपदासाठी उमेदवाराला तपासताना परीक्षक त्याचा हात किती सफाईदार आहे हे पाहतोच. त्याचबरोबर शेजारच्या कनिष्ठाला तो बोलू देतो की नाही, हेही पाहतो.

दोन कप्तान, एक काळोखी पट्टी

एवढी तयारी कशासाठी, याचे उत्तर 3 नोव्हेंबर 1988 च्या रात्री मिळाले. मालदीवच्या राजधानीवर भाडोत्री सैनिकांनी हल्ला केला होता आणि राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी भारताकडे मदत मागितली होती. त्याच संध्याकाळी आग्र्याहून छत्रीधारी सैनिकांना घेऊन दोन अजस्र आयएल-76 विमाने निघाली. पुढच्या विमानाचे कप्तान होते 44 व्या स्क्वाड्रनचे ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर. दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा पल्ला होता, शेवटचा टप्पा समुद्रावरून होता आणि उतरायचे होते हुलहुले या चिमुकल्या बेटावर. विमानतळ शत्रूच्या हाती पडला आहे की नाही, याची खात्री नव्हती. ठरलेला सांकेतिक शब्द जमिनीवरून आला. पट्टीवरचे दिवे काही क्षणांपुरते उजळले आणि पुन्हा काळोख झाला. त्या काही क्षणांत दिसलेल्या रेषेच्या भरवशावर बेवूर यांनी विमान सुखरूप उतरवले आणि सैनिक बाहेर पडले. अशा वेळी कप्तानाला पुस्तक उघडायला सवड नसते. उजव्या आसनावर काढलेली वर्षे त्या क्षणी उपयोगी पडतात.

लडाखमधील दौलत बेग ओल्डी हे दुसरे उदाहरण. समुद्रसपाटीपासून सुमारे 16,600 फूट उंचीवरच्या या ठिकाणी 1962 साली स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान प्रथम उतरवले. त्या काळातील तो जागतिक विक्रम होता. 1966 मध्ये भूकंपाने जमीन भुसभुशीत झाल्यावर ही धावपट्टी बंद पडली. तब्बल बेचाळीस वर्षांनी, 31 मे 2008 रोजी, तेथे पुन्हा विमान उतरले. ते एएन-32 चालवणारे कप्तान होते ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. इंजिनांचा जोर घटतो, पंखांना आधार कमी मिळतो आणि त्यामुळे जमिनीला टेकताना वेग अधिक ठेवावा लागतो. चुकीला जागा राहत नाही.

पुन्हा उजवीकडे

या प्रवासात एक गोष्ट विशेष मननीय आहे. एएन-32 सारख्या विमानावर कप्तान झालेला अधिकारी आयएल-76 किंवा सी-17 यांसारख्या मोठ्या विमानावर जातो, तेव्हा बहुधा त्याला पुन्हा उजव्या आसनावर बसावे लागते. काल ज्याचा शब्द अखेरचा होता, तो आज दुसऱ्याच्या आज्ञेने इंधनाचा हिशेब मांडतो. यात अपमान आहे, असे तेथे कोणी मानत नाही. नव्या यंत्रासमोर प्रत्येकजण नवशिका, हा तेथील शिरस्ता आहे.

अखेर सारी गोष्ट एका सहीपाशी येऊन थांबते. हा अधिकारी कप्तान होण्यास योग्य आहे, असे लिहून परीक्षक सही करतो. त्यानंतर तो त्या विमानात नसतो. उद्या लेहच्या दरीत ढग उतरतील, तेव्हा त्या सहीवर विसंबून कित्येक सैनिक मागे बसलेले असतील आणि त्यांची घरची माणसे त्यांची वाट पाहत असतील. सही लवकर झाली, तर जिवाशी गाठ. विनाकारण लांबली, तर तयार माणूस कोमेजतो आणि दलाला कप्तान उणे पडतो.

सोलापूरच्या बाजारपेठेतील जुन्या पेढ्यांना हा पेच परका नाही. तिजोरीच्या किल्ल्या मुलाच्या हाती केव्हा द्यायच्या, हे त्याचे वय पाहून ठरत नाही आणि केवळ त्याच्या पदवीवरूनही ठरत नाही. काही घरांत किल्ल्या घाईने दिल्या जातात आणि उधारी बुडते. काही घरांत वडील सत्तरीपर्यंत गादी सोडत नाहीत आणि पन्नाशीचा मुलगा प्रत्येक व्यवहाराला त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो. हवाई दलाने यावर काढलेला तोडगा साधा आहे. आधी सारे हिशेब शिकवायचे. मग डावीकडे बसवून स्वतः उजवीकडे बसायचे. चूक होऊ द्यायची, पण विमान पडू द्यायचे नाही. आणि योग्यता दिसली की सही करून खाली उतरायचे.