वर्दीतली विद्या

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचा वर्दीशी जुना संबंध आहे. घोडनदीकाठच्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढलेली तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. दौंडला आज राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत आणि नानवीजला या दलाचे प्रशिक्षण केंद्र. भरतीचा अर्ज, धावण्याचा सराव, लेखी परीक्षा यांची माहिती इथल्या गावांत पोराटोरांनाही तोंडपाठ असते. प्रशिक्षण संपून कसम परेड झाल्यावर मुलाने पुढे काय शिकायचे, हा विषय मात्र घरात फारसा निघत नाही. फौजेत शिकण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्या वेळेवर न कळल्याने वाया जातात, म्हणून हा लेख.

पलटणीतून शाळेत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये ते शिकले आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. त्या काळी फौजेत सैनिकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्या घरात पलटणीमुळे अक्षर पोहोचले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला या शाळांनी किती दिले, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे नाव रामा राघोबा राणे यांचे. कारवारकडचा हा तरुण १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधा शिपाई म्हणून दाखल झाला. एकेक पायरी चढत डिसेंबर १९४७ मध्ये तो अधिकारी झाला. एप्रिल १९४८ मध्ये सुरुंग पेरलेला नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करताना केलेल्या पराक्रमाबद्दल राणे यांना परमवीर चक्र मिळाले. हे धैर्य त्यांचे स्वतःचेच, पण सुरुंग ओळखण्याची आणि काढण्याची विद्या त्यांना फौजेने दिली होती.

सेंटर, ट्रेड आणि कॅडर

रंगरूट सेंटरवर पोहोचला की त्याचा ट्रेड ठरतो. आपल्या जवळचीच केंद्रे पाहा. अहिल्यानगरला रणगाडा दलाचे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे प्रशिक्षण होते. खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे, तर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर नौसैनिक जहाजांची यंत्रे शिकतात. डिझेल इंजिन, बिनतारी संच, वीजजोडणी, बांधकाम, अवजड वाहन चालवणे ही सगळी कामे बाहेरही पोट भरू शकतात.

अभ्यासाची बाजू आर्मी एज्युकेशन कोअर सांभाळते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या या दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय पचमढीला आहे. नकाशावाचन आणि लष्करी शिक्षणाची प्रमाणपत्रे बढतीच्या वेळी कामी येतात. बढतीसाठीचे प्रशिक्षण, म्हणजे प्रमोशन कॅडर, तोंडावर आल्यावर पुस्तक उघडणाऱ्या जवानापेक्षा आधीपासून तयारी करणारा पुढे जातो.

शिपाई ते साहेब

बारावी झालेल्या जवानाला डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजची वाट खुली आहे. हे कॉलेज १९७७ मध्ये डेहराडूनला हलले, त्याआधी ते पुण्यात होते. किमान दोन वर्षे सेवा आणि २० ते २७ वर्षे वय, ही ढोबळ अट. लेखी परीक्षा, मग सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. निवड झाली की तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, पुढचे वर्ष इंडियन मिलिटरी अकॅडमीत जाते आणि खांद्यावर तारा चढतो. वयाची ही मर्यादा फार लवकर संपते. पहिल्या पोस्टिंगलाच चौकशी केली, तरच ही वाट हाती लागते.

अग्निवीरांची चार वर्षे

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि वेळेचे गणितच बदलले. सेवा चार वर्षांची आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन साधारण पंचविशीच्या आत घरी येणार. त्या पैशात ट्रॅक्टर येईल, घराचा स्लॅब पडेल, पण उरलेल्या आयुष्याची तरतूद शिक्षणानेच होईल. दहावी झालेल्या अग्निवीरासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून बारावीची सोय आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाने खास पदवी आखली आहे. तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात, उरलेले अभ्यासक्रम पूर्ण करून मिळवायचे. नोंदणी मात्र स्वतः करावी लागते.

घरी परतताना

नियमित सेवेतला जवान साधारण चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, अंगात धमक असते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत यंत्र चालवणारे, दुरुस्त करणारे हात लागतात. तरीही अनेक फौजींच्या वाट्याला गेटवरची सुरक्षारक्षकाचीच नोकरी येते. त्या कामात कमीपणा काही नाही. पण रणगाड्याचे इंजिन खोलून बसवणाऱ्या माणसाला केवळ बाहेर चालणारे प्रमाणपत्र नाही म्हणून गेटवर उभे राहावे लागते, याचे दुःख वाटते.

यावर उपाय आहेत. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आधीच्या काळात अभ्यासक्रम चालवते आणि जवान व जेसीओ (कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) यांच्या शुल्काचा भार स्वतः उचलते. दहावी उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट 'क' मधील, पदवीची अट असलेल्या काही पदांसाठी पात्र धरले जाते. ही समकक्षता नोकरीपुरतीच, तिच्यावर एम. ए. करता येत नाही. खरी पदवी हवी असेल तर इग्नू किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. डिस्चार्ज बुकात आपल्या ट्रेडची नोंद नीट झाली आहे ना, हे युनिट सोडण्याआधी तपासावे. घरी आल्यावर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे.

घरच्यांनी काय करावे

मुलगा दिवाळीला छुट्टीवर येईल तेव्हा घरच्यांनी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : तुझा ट्रेड कोणता, त्याचे बाहेर चालणारे प्रमाणपत्र कसे मिळते आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो? वडीलधाऱ्यांनी जमिनीचा, बहिणीच्या लग्नाचा विषय काढावाच, पण त्यासोबत हाही काढावा. गावातल्या निवृत्त सुभेदार-हवालदारांनी भरतीच्या मुलांना धावण्याचे धडे देताना या वाटाही सांगाव्यात. एकाने वेळेवर सांगितले तर दुसऱ्याची वर्षे वाचतात. सीमेवर उभे राहणाऱ्या मुलाला आपण गाव म्हणून एवढे तरी देणे लागतो.