फवारणीचा गडी आणि वावराचा धनी

कामगाराच्या सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणजे आपणां सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें मुंबईची गिरणी उभी राहते. मेडशीचें वावर उभें राहत नाहीं. वस्तुतः २०१७ सालीं आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडों इस्पितळांत पडले. त्या वर्षीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. फवारा वर धरावा लागे, आणि तो उलटून तोंडावर येई. त्यांत दोनतीन औषधें एकत्र कालविण्याची चाल आणि उघडें अंग!

गड्यानें तोंड बांधलें नाहीं, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानें आरंभ गड्यापासून केलेला नाहीं. औषधाची नोंदणी आधीं झाली पाहिजे. विक्रेत्यास परवाना पाहिजे. निरीक्षकानें नमुने घेऊन तपासणीस पाठवावयाचे. डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणें तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. आंतल्या पत्रकांत विषबाधेचीं लक्षणें व उतारा छापलेला असतो. अक्षर मात्र इतकें बारीक कीं माझ्यासारख्या चष्मेवाल्यानेंही हात टेकावे.

हा डबा वावरांत आला कीं पुढची जबाबदारी कोणाची? १९४८ च्या कारखाना कायद्यानें मालक, व्यवस्थापक व कामगार यांचीं कर्तव्यें निरनिराळीं सांगितलीं, आणि सुरक्षेच्या सोयींचा खर्च कामगाराकडून घेण्यास मनाई केली. वावर म्हणजे कारखाना नव्हे. म्हणून हातमोजे कोणीं आणावे हें तेथें धन्याच्या मनावर राहिलें. संस्कृतांत ‘भर्ता’ आणि ‘भृत्य’ हे दोन्ही शब्द एकाच ‘भृ’ धातूपासून झाले आहेत, हें मी वर्गांत पुष्कळदां सांगितलें. त्याचा अर्थ मला वर्गाबाहेर कळला.

आपल्यापैकीं कित्येकांची शेती बटाईनें दिलेली असते आणि आपण अकोल्यास किंवा पुण्यास असतो. तरी औषधाच्या पैशांबरोबर पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, चष्मा व मुखपट्टी यांचे पैसे देतां येतात. मजुरी पंपामागें ठरलेली असली तर वारा सुटला तरी गडी थांबत नाहीं. ती दिवसावर ठरवावी. तंबाखू मळण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे, तुंबलेली तोटी तोंडानें फुंकूं नये, हें समक्ष सांगावें. ते कपडे घरीं त्याची बायको धुते. तिला ते निराळे धुण्यास सांगणारा सहसा कोणी नसतो. आणि गड्यास घेरी आली, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर काम तत्काळ थांबवून त्याला इस्पितळांत न्यावें. जातांना औषधाचें पत्रक बरोबर घ्यावें. कोणतें विष अंगांत गेलें, हें डॉक्टरांस त्यावरूनच कळतें.