पॅनेल-रूमला गॅस, सुताला पाणी

18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून मालकासह आठ जण मृत्युमुखी पडले. अल्लाह मगफिरत करो. त्यानंतर आपले काही कारखानदार बंधू आग विझवणाऱ्या गॅसची चौकशी करतात. विकणारा सांगतो ते सगळे घेऊ नका.

गॅस बंद खोलीत चालतो. जिथे कॉम्प्युटर, यूपीएस, इलेक्ट्रॉनिक जकार्डचे पॅनेल असतात. एफएम-200 हवेत साधारण सात-आठ टक्के मिसळला की ज्वाला विझते. पण दाराची फट किंवा केबलचे भोक उघडे राहिले तर गॅस निघून जातो, पैसे फुकट. कार्बन डायऑक्साइड स्वस्त. मात्र त्याने खोली भरली तर आतला माणूस वाचत नाही. आधी घंटा, माणसे बाहेर, मगच गॅस.

लूम शेडमध्ये हा खर्च बेकार. सुताच्या गाठोड्यात धुमसणाऱ्या आगीला पाणीच हवे. आणि ज्यांची कुटुंबे कारखान्यातच राहतात, त्यांनी गॅसच्या आधी दुसरा दरवाजा काढावा.

कार्बन डायऑक्साइडच्या हाताने वापरायच्या बाटलीला काटा नसतो, वजनच करावे लागते. दहा टक्के घटले की भरून घ्यावी. आमच्या दुकानातली तीन वर्षे भिंतीवर टांगलेली होती. काट्यावर ठेवली तर रिकामी निघाली.