माहिती चौकट : वसई पडली, १६ मे की ५ मे?

१६ मे १७३९, शनिवार. चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेपुढे पोर्तुगीजांनी वसईच्या शरणागतीच्या अटी मान्य केल्या. ही तारीख ग्रेगोरियन.

५ मे १७३९. तोच दिवस, मुंबईकर इंग्रजांच्या वहीत. वार मात्र तिथेही शनिवारच.

फरक का? पोर्तुगालने ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतले. इंग्रज १७५२ पर्यंत ११ दिवस मागच्या ज्युलियनवर. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधी त्यांचे वर्षही २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १७३९ मधला वसईचा वेढा त्यांच्या हिशेबी १७३८ मधला! जुनी कागदपत्रे वाचताना इथेच गफलत होते.

मराठी कागदांत वैशाख, शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर. सोबत सुहूर सन (आणखी एक वर्षगणना). तो मृग नक्षत्राला बदलत असे.

वसई खाडीच्या दक्षिणेचे किल्ले
• घोडबंदर किल्ला : १७३७ मध्ये मराठ्यांकडे.
• धारावी किल्ला, भाईंदर पश्चिम : १७३९ मध्ये, वसईच्या आधी. (झोपडपट्टीची धारावी वेगळी.)

गल्लत नको : दुसऱ्या बाजीरावाचा इंग्रजांशी वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. तोवर इंग्रजही ग्रेगोरियनवर आले होते.